ट्रेचे वजन कशाचे असते? मायक्रोग्रीन्सच्या माध्यमाविषयी एका वाचकाला उत्तर

आलेल्या पत्राचा सारांश असा: “गेले सहा महिने मी घरातल्या एका खोलीत मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळेपणीच कापून खायची रोपे, पिकवतो. मुळा, मोहरी, लाल माठ आणि कोथिंबीर ही चार पिके २५ सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर लांब ट्रेमध्ये घेतो. या वेळी नुसते कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), कोकोपीट आणि गांडूळखत निम्मे-निम्मे, आणि तागाची चटई अशी बी पेरण्याची तीन माध्यमे वापरून पाहिली. मुळा आणि मोहरी दहाव्या दिवशी कापली, माठ आणि कोथिंबीर अठराव्या दिवशी. मुळ्याचे वजन गांडूळखताच्या ट्रेमध्ये ३१० ग्रॅम, कोकोपीटमध्ये २५० ग्रॅम आणि चटईवर २२० ग्रॅम भरले. परंतु गांडूळखतातला मुळा फ्रिजमध्ये चौथ्या दिवशी चिकट झाला आणि चटईवरचा आठवडाभर ताजा राहिला. माठ मात्र चटईवर फिकट आणि खुरटा राहिला. कोथिंबीर कोकोपीटमध्ये आणि मिश्रणात विरळ उगवली, आणि नुसत्या कोकोपीटमध्ये तिच्या पानांच्या कडाही करपल्या. चटईवर पांढरा कापूस दिसल्याने बुरशी समजून एक ट्रे टाकून दिला. यांपैकी सर्वांत चांगले माध्यम कोणते, आणि कापणीनंतर उरलेले कोकोपीट पुन्हा वापरता येईल का?”

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. वजने लिहून ठेवण्याची आणि कापणीनंतर माल किती दिवस टिकतो हे पाहण्याची आपली सवय फार मोलाची आहे, कारण बहुतेक पत्रांत केवळ “छान आले” किंवा “आले नाही” एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून सल्ला देणे अवघड जाते. आपल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि ते का देता येत नाही याचे कारण आपल्याच आकड्यांत दडलेले आहे. चारही पिकांना एकच माध्यम सर्वोत्तम ठरणार नाही. पीक किती दिवस ट्रेमध्ये राहते आणि त्याच्या बीमध्ये शिदोरी किती असते, यावर माध्यमाचे महत्त्व ठरते.

प्रथम मुळ्याचा हिशेब पाहू. आपण ट्रेमध्ये किती बी पेरले ते लिहिलेले नाही, पण या आकाराच्या ट्रेला साधारण ३० ग्रॅम बी लागते, तेवढेच धरू. त्यातून ३१० ग्रॅम हिरवा माल निघाला, म्हणजे दहापट उत्पन्न आले असे वाटते. आता तोच माल पूर्ण वाळवून तोलला आणि समजा त्यात कोरडा अंश ५ टक्के निघाला, तर कोरडे वजन होते साडेपंधरा ग्रॅम. चटईवरच्या २२० ग्रॅम मालात कोरडा अंश ७ टक्के निघाला, तर तेही होते १५.४ ग्रॅम. हे टक्के मी उदाहरणासाठी धरले आहेत, तरी कोवळ्या रोपांत कोरडा अंश याच पट्ट्यात असतो. म्हणजे आपल्याला दिसलेला ९० ग्रॅमचा फरक जवळजवळ सगळा पाण्याचा असू शकतो. शिवाय दोन्ही आकडे पेरलेल्या बियांच्या कोरड्या वजनापेक्षा कमी आहेत, कारण बियांतला काही साठा श्वसनात खर्च होतो, काही मुळांत जातो आणि टरफले गळून पडतात. दहा दिवसांच्या मुळ्याने माध्यमातून मुख्यतः पाणी घेतलेले असते, अन्न त्याने बरेचसे आईच्या घरून आणलेले असते.

मोहरीचे बी लहान असले तरी तिचेही गणित पुष्कळसे असेच आहे, कारण ती लवकर कापली जाते. माठाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. माठाच्या हजार बियांचे वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि मुळ्याच्या हजार बियांचे वजन दहा ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याशा शिदोरीवर माठाचे रोप जेमतेम दलपत्रे, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पाने, उघडते. त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत ते जे काही वाढते ते उजेडाच्या आणि माध्यमातल्या अन्नाच्या जोरावर. आपल्या तागाच्या चटईत अन्न जवळजवळ नव्हतेच, म्हणून त्याच चटईवर मुळा तगला आणि माठ फिकट पडला. चटई वाईट होती असा याचा अर्थ नाही. तिच्याकडून जे मिळणार नव्हते ते माठाला हवे होते.

यापुढे माध्यमाच्या नावाकडे कमी आणि त्याच्या गुणांकडे अधिक पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यात पाणी किती धरले जाते, हवा किती उरते, क्षार किती आहेत, अन्न किती आहे आणि ते किती स्वच्छ आहे, या पाच गोष्टी कळल्या की ते नारळाच्या काथ्यापासून झाले की तागापासून, हा प्रश्न दुय्यम होतो. चांगल्या माध्यमाचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ असावा, त्याच्या एकूण आकारमानापैकी ५५ ते ७० टक्के भाग पाणी धरणारा आणि २० ते ३० टक्के भाग हवेचा असावा, आणि क्षारांचे मोजमाप सांगणारी विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, ०.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आत असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पाणी आणि हवा यांच्या या जोडीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: वाफसा. जमीन ओली आहे पण चिखल नाही, मुळांना पाणीही मिळते आणि श्वासही घेता येतो, अशी ती अवस्था. ट्रेमध्ये वाफसा राखणे शेतापेक्षा अवघड असते, आणि याचे कारण ट्रेच्या उथळपणात आहे. एक ओला स्पंज आडवा धरून निथळू द्यावा आणि पाणी टपकणे थांबले की तोच स्पंज उभा करावा, म्हणजे पुन्हा पाणी गळू लागते. उंची वाढली की वजनाच्या ओढीने अधिक पाणी बाहेर पडते, उंची कमी असली की तळाचा थर भिजलेलाच राहतो. दोन-तीन सेंटीमीटर जाडीच्या थरात हा तळाचा भिजलेला भाग एकूण थराच्या मोठ्या हिश्शाएवढा होतो. म्हणूनच जे बारीक कोकोपीट खोल कुंडीत उत्तम चालते तेच उथळ ट्रेमध्ये गुदमरवून टाकते. तळाशी पांढरी मुळी दिसण्याऐवजी तपकिरी, मऊ मुळी दिसली आणि कुबट वास आला, तर पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी देऊ नये. हवा कमी पडलेली असते. बारीक कोकोपीटमध्ये आकारमानाने पाचवा हिस्सा परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके, पांढरे दाणे) किंवा भरड काथ्याचा चुरा मिसळावा, पाणी खालच्या ट्रेमधून द्यावे आणि वीस मिनिटांनी उरलेले पाणी ओतून टाकावे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आता कोथिंबिरीकडे वळू, कारण तिची तक्रार मला सर्वांत बोलकी वाटली. ती दोन्ही ट्रेमध्ये विरळ उगवली आणि दोन्हींत कोकोपीट होते. कोकोपीट नारळाच्या सोडणापासून बनते आणि सोडण मऊ होण्यासाठी अनेकदा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवले जाते. त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटच्या दाबलेल्या विटेत सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांचे क्षार भरपूर असतात. खारट पाण्यातून बी सहज पाणी ओढू शकत नाही, उगवण लांबते आणि विरळ होते. मुळा-मोहरी हे सोसून नेतात, कारण त्यांची उगवण दोन-तीन दिवसांत उरकते. कोथिंबिरीला उगवायलाच आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि त्या सगळ्या काळात ती क्षारांच्या संगतीत पडून असते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका विक्रेत्याने “धुतलेली” म्हणून दिलेली वीट तशीच भिजवून वापरली होती आणि सलग तीन वेळा कोथिंबीर वाया गेल्यावर बियाण्याला दोष दिला होता. नंतर ईसी मोजली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा कितीतरी पट जास्त निघाली. तेव्हापासून वेष्टनावर काय छापले आहे याकडे न पाहता प्रत्येक नवी वीट मी स्वतः मोजून घेते.

पद्धत सोपी आहे. भिजवून फुगवलेल्या कोकोपीटचा एक वाटी भाग आणि शुद्ध केलेल्या पाण्याचे पाच वाटी भाग एकत्र ढवळावेत, तासभर ठेवून गाळावे आणि त्या पाण्यात ईसीमापक बुडवावा. आकडा ०.५ च्या वर असेल तर कोकोपीट गोड्या पाण्याने धुवावे, निथळू द्यावे आणि पुन्हा मोजावे. दोन-तीन धुण्यांत बहुधा काम होते.

नुसत्या धुण्याने सुटत नाही असा एक भाग उरतो, आणि कोथिंबिरीच्या करपलेल्या कडा कदाचित तेथून आल्या असाव्यात. कोकोपीटच्या कणांवर सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसलेले असतात. पाण्यातून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम आले की कण ते ओढून घेतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम, पोटॅशियम सोडून देतात. परिणामी कोवळ्या पानांच्या वाट्याला कॅल्शियम कमी येते, आणि कॅल्शियमची तूट नेहमी सर्वांत नव्या पानांच्या कडांवर दिसते. मिश्रणाच्या ट्रेमध्ये कडा करपल्या नाहीत, याचे कारण बहुधा हेच की गांडूळखतातून थोडे कॅल्शियम मिळत राहिले. उपाय म्हणून कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवतात, मग ते पाणी टाकून स्वच्छ पाण्याने धुतात. ही शेवटची धुलाई टाळू नये, अन्यथा नायट्रेट माध्यमातच राहील आणि त्याविषयी मला पुढे बोलायचे आहे.

कोथिंबिरीच्या बाबतीत माध्यमाशी संबंध नसलेली एक गोष्टही तपासावी. आपण ज्याला धणा म्हणतो ते फळ असते आणि त्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलके दाबून धणे दुभंगून घेतले आणि त्यांवर माध्यमाचा अर्धा सेंटीमीटर थर दिला, तर उगवण एकसारखी होते. चटईवर हा थर देता येत नाही, म्हणून कोथिंबीर आणि बीट यांसाठी मी चटई सुचवत नाही. बिटाच्या बाबतीतही जे बी दिसते तो खरे तर अनेक बियांचा गुच्छ असतो आणि त्याला चहूबाजूंनी ओल हवी असते.

गांडूळखताविषयी मी जरा स्पष्टपणे लिहिते, कारण ते जितके जास्त तितके चांगले असा समज मला अनेक पत्रांत दिसतो. निम्मे प्रमाण मायक्रोग्रीन्ससाठी फार झाले. गांडूळखतात क्षारही असतात आणि नत्रही असते. नत्र भरपूर आणि उजेड तुलनेने कमी असला की रोप लांब, रसरशीत आणि पातळ पेशीभित्तीचे होते. तेच रोप कापल्यावर लवकर मऊ पडते, त्यातून रस सुटतो आणि त्या रसावर जिवाणू वाढतात. आपल्या मुळ्याचा चौथ्या दिवसाचा चिकटपणा मला याच साखळीचा शेवट वाटतो. त्यात भर म्हणजे दाट, उंच वाढलेल्या ट्रेमध्ये देठांच्या बुडाशी वारा फिरत नाही आणि कापताना खताचे कण देठांना चिकटून येतात. कण काढण्यासाठी माल धुतला तर तो नीट वाळत नाही आणि ओला भरलेला माल टिकत नाही. मुळ्याला आणि मोहरीला गांडूळखत देऊच नये, असे माझे मत आहे. माठाला आकारमानाने दहा ते पंधरा टक्के पुरते, आणि तेही तळाच्या थरात मिसळून वर सेंटीमीटरभर स्वच्छ कोकोपीटचा थर द्यावा. मुळे खाली जाऊन अन्न शोधतात आणि देठ मात्र स्वच्छ थरातून वर येतात.

स्वच्छतेचा मुद्दा येथेच सांगणे योग्य होईल. उष्ण पद्धतीने केलेल्या कंपोस्टचा ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस तापतो आणि रोगजंतू मोठ्या प्रमाणात मरतात. गांडूळखताला असा ताप मिळत नाही, कारण तेवढ्या उष्णतेत गांडुळेच जगत नाहीत. शेणापासून केलेले खत पूर्ण मुरलेले नसेल तर त्यात आजार पसरवणारे जिवाणू असू शकतात आणि मायक्रोग्रीन्स आपण न शिजवता खातो. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची मोठी साथ आली, तिचा माग मेथीच्या बियांपासून काढलेल्या मोडांपर्यंत पोहोचला. मोड आणि मायक्रोग्रीन्स एक नव्हेत. मोड बंद, ओल्या आणि उबदार भांड्यात वाढतात आणि बी-मुळांसकट खाल्ले जातात, मायक्रोग्रीन्स उजेडात वाढतात आणि माध्यमाच्या वर कापली जातात, त्यामुळे धोका कमी असतो. परंतु तो शून्य नसतो. खताचा स्रोत खात्रीचा नसेल तर ते खाण्याच्या पिकाला इतक्या जवळून देऊ नये, आणि कोणत्याही माध्यमात देठ एक ते दीड सेंटीमीटर वरूनच कापावेत.

तागाच्या चटईने आपल्याला स्वच्छ आणि टिकाऊ मुळा दिला, तो तिचा स्वाभाविक गुण आहे. कण चिकटत नाहीत, धुण्याची गरज राहत नाही, वाढ थोडी संथ आणि घट्ट होते. तिच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे ती पातळ असल्याने पाण्याचा साठा अल्प असतो, उन्हाची तिरीप आली किंवा पंखा जवळ असला की काही तासांत कोरडी पडते. दुसरी म्हणजे ताग हा मुख्यतः सेल्युलोज असतो. तो कुजू लागला की कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी आसपासचे नत्र ओढून घेतात आणि रोपाला ते मिळत नाही. दहा दिवसांच्या पिकात हे फारसे जाणवत नाही, अठरा दिवसांच्या माठात जाणवते. माठ चटईवरच घ्यायचा असेल तर दलपत्रे पूर्ण उघडल्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून, नेहमीच्या पोषक द्रावणाच्या चौथाई तीव्रतेचे द्रावण पाण्याऐवजी द्यावे आणि कापणीच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा साध्या पाण्यावर यावे.

टाकून दिलेल्या ट्रेबद्दल मला वाईट वाटले, कारण तो बहुधा निरोगी होता. मुळा आणि मोहरी यांच्या कोवळ्या मुळांवर केशमुळांचा दाट पांढरा झुबका येतो आणि चटईवर तो उघडाच दिसतो. तो प्रत्येक मुळाभोवती सारखा, बाटली धुण्याच्या ब्रशसारखा असतो, आणि त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला की मुळाला चिकटून दिसेनासा होतो. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर पसरते, फवाऱ्याने जात नाही, तिला कुबट वास येतो आणि तिच्याखालची रोपे बुडाशी मऊ पडून आडवी होतात. असे दिसले तर मात्र तो ट्रे ठेवू नये.

इतर माध्यमांविषयी थोडक्यात. पीट मॉस, म्हणजे दलदलीत साठलेले अर्धवट कुजलेले शेवाळ, पाणी आणि हवा यांचा समतोल उत्तम राखते आणि उत्पन्नाच्या तुलनेत त्याच्याशी बरोबरी करणे इतर माध्यमांना अवघड जाते. त्याचा मूळ सामू ४ च्या आसपास असतो, म्हणून चुना घालून तो वाढवावा लागतो. परंतु दलदलीत पीटचा थर वर्षाला सुमारे एक मिलिमीटर इतक्या संथ गतीने साठतो आणि त्यात कार्बनचा प्रचंड साठा असतो. आठ-दहा दिवसांच्या पिकासाठी हजारो वर्षांचा साठा खणावा हे मला पटत नाही, म्हणून मी ते वापरत नाही. रॉकवूल, म्हणजे वितळवलेल्या खडकाच्या तंतूंची लोकर, स्वच्छ आणि एकसारखे असते. त्यात अन्न नसते, सुरुवातीला त्याचा सामू चढा असतो आणि वापरानंतर ते कुजत नाही. व्हर्मिक्युलाइट, म्हणजे तापवून फुगवलेले अभ्रकासारखे खनिज, बियांवर पातळ पांघरूण घालण्यासाठी चांगले.

आता गुणवत्तेकडे येऊ, कारण आपण ती टिकाऊपणावरून पाहिली आहे, पण तिला आणखी बाजू आहेत. आपली चारही पिके अशा कुळांतली आहेत की काही परिस्थितीत ती नायट्रेट साठवू शकतात, त्यांतही मोहरीचे कूळ आणि माठ विशेष. माध्यमात नायट्रेट जास्त आणि उजेड कमी असला की पानांत नायट्रेट साठते, कारण त्याचे प्रथिनांत रूपांतर करणारे विकर उजेडात चांगले काम करते. सकस माध्यमात उत्पन्न वाढते तेव्हा नायट्रेटही वाढण्याची शक्यता असते, ही या विषयातली खरी ओढाताण आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही. नायट्रेटचे रोजचे सुरक्षित सेवन शरीराच्या दर किलो वजनामागे ३.७ मिलिग्रॅम मानले जाते, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला २२२ मिलिग्रॅम. पानांत किलोमागे ३००० मिलिग्रॅम इतके नायट्रेट धरले तरी २५ ग्रॅम मायक्रोग्रीन्समधून ७५ मिलिग्रॅम मिळते. तरीही शेवटचे दोन-तीन दिवस साधे पाणी आणि भरपूर उजेड दिल्याने ते कमी होत असेल, तर तसे न करण्याचे कारण नाही.

याच्या उलट बाजूला रंग, तिखटपणा आणि फिनॉलसारखी संरक्षक द्रव्ये आहेत. ती बहुधा किंचित ताण असलेल्या, संथ वाढलेल्या रोपांत एकवटलेली असतात, निदान दर ग्रॅममागे. नत्राने भरभर वाढलेल्या रोपात ती पाण्याने पातळ होतात. मुळा आणि मोहरी यांचा तिखटपणा गंधकयुक्त द्रव्यांतून येतो, म्हणून द्रावण देताना त्यात गंधक सल्फेटच्या रूपात असावे. लाल माठाचा रंग उजेडात खुलतो. मात्र जीवनसत्त्वांच्या बाबतीत माध्यमाच्या निवडीकडून फार अपेक्षा करू नये. २०१२ साली अमेरिकेचे कृषी खाते आणि मेरीलँड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २५ प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली, तेव्हा क जीवनसत्त्व १०० ग्रॅममागे सुमारे २० ते १४७ मिलिग्रॅम एवढ्या मोठ्या फरकाने आढळले आणि सर्वाधिक लाल कोबीत होते. एवढे अंतर केवळ माध्यम बदलून पडेल असे मला वाटत नाही. पोषण हा आपला मुख्य हेतू असेल तर माध्यमाआधी पिकाचा विचार करावा.

आपल्या प्रयोगात एक उणीव आहे आणि ती भरून काढली तर पुढच्या वेळी आपल्याला माझ्या सल्ल्याची गरज भासणार नाही. आपण सर्व माध्यमांवरचा मुळा एकाच दिवशी कापला. सकस माध्यमावरचे पीक तोवर पुढे गेलेले असते आणि चटईवरचे अजून मागे असते, त्यामुळे आपण वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या रोपांची तुलना करतो. त्याऐवजी अवस्था ठरवावी, उदाहरणार्थ दलपत्रे पूर्ण उघडली आहेत आणि पहिले खरे पान नुकते दिसू लागले आहे, आणि प्रत्येक ट्रे त्या अवस्थेला आला की कापावा. ट्रे किती दिवसांत तयार झाला हेही लिहावे, कारण दोन दिवस आधी रिकामा झालेला ट्रे हाही उत्पन्नाचाच भाग आहे. प्रत्येक माध्यमाचे निदान तीन ट्रे घ्यावेत, बी मोजून सारख्याच वजनाचे पेरावे आणि ट्रेच्या जागा रोज बदलाव्यात. खिडकीजवळचा ट्रे आणि भिंतीजवळचा ट्रे यांत पडणारा फरक अनेकदा माध्यमांतल्या फरकापेक्षा मोठा असतो. शेवटी प्रत्येक ट्रेमधला ५० ग्रॅम माल ६० ते ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलावा, आणि तेवढाच माल फ्रिजमध्ये ठेवून कितव्या दिवशी खराब झाला ते पाहावे.

तोपर्यंत माझी शिफारस अशी राहील. मुळा आणि मोहरी तागाच्या चटईवर किंवा धुतलेल्या नुसत्या कोकोपीटवर घ्यावीत, खत देऊ नये. माठासाठी तळाला थोडे गांडूळखत असलेले कोकोपीट किंवा चटई आणि सौम्य द्रावण, यांपैकी जे आपल्याला स्वच्छतेने सांभाळता येईल ते निवडावे. कोथिंबिरीसाठी मोजून धुतलेले, परलाइट मिसळलेले कोकोपीट घ्यावे आणि गांडूळखताऐवजी उगवणीनंतर सौम्य द्रावण द्यावे.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. कापणीनंतरचे कोकोपीट पुन्हा मायक्रोग्रीन्ससाठी वापरू नये. त्यात मुळांचे जाळे कुजत असते, न उगवलेल्या बिया असतात, आणि रोपे बुडाशी कोलमडवणाऱ्या पिथियम आणि रायझोक्टोनिया या रोगकारकांना तेथे आयते घर मिळते. दाट पेरलेल्या ट्रेमध्ये हा रोग झपाट्याने पसरतो. ते कोकोपीट मुळांसकट कंपोस्टच्या ढिगात टाकावे, ढीग नीट तापू द्यावा आणि पूर्ण मुरलेले खत कुंड्यांतल्या फुलझाडांना घालावे. ट्रे मात्र घासून, जंतुनाशकाने धुऊन आणि उन्हात पूर्ण वाळवूनच पुन्हा भरावेत.